सिलिंडर भरलेला असताना

माय,

आज सोमवार. दुपारचे पावणेतीन वाजले आहेत. दुसऱ्या पाळीचे पेशंट यंत्रांना लागले आहेत, हॉलमधल्या टीव्हीचा आवाज बारीक केलेला आहे आणि मी नव्या टेबलाशी बसून आमच्या डॉक्टर सरांनी सांगितलेला आराखडा लिहितो आहे. म्हणजे लिहायला बसलो होतो. पहिल्या पानावर शीर्षक घातलं, समास आखला आणि त्यापुढे काही सुचेना, म्हणून दुसरा कागद घेऊन तुला लिहायला लागलो.

मी काय काम करतो ते तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं. ते वर्ष तसंच राहिलं. पुढे कम्प्युटर दुरुस्तीचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि अमरावती सोडून अकोल्याला आलो. इथे एका डायलिसिस सेंटरमध्ये मी कम्प्युटर सांभाळतो. ज्यांच्या किडन्या बंद पडल्या आहेत अशी माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा येतात, चार तास खाटेवर पडून राहतात. यंत्र त्यांचं रक्त बाहेर घेऊन धुतं, अंगात साचलेलं पाणी काढतं आणि रक्त परत देतं. पाणी काढून झाल्यावर माणूस किती किलोचा उरायला हवा, हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. त्याला इथे कोरडं वजन म्हणतात. पाणी जास्त काढलं तर माणसाला भोवळ येते, कमी काढलं तर ते छातीत चढतं आणि श्वास लागतो. हा आकडा सर ठरवतात, माणूस सुकला किंवा भरला की बदलतात, आणि तो कम्प्युटरमध्ये असतो. माझं काम इतकंच, की कम्प्युटर बंद पडू नये, आणि पडलाच तर आत होतं ते परत मिळावं.

या कामात कुठल्याही धंद्याला आधी दोन प्रश्न विचारायचे असतात. किती वेळ बंद राहिलं तर चालेल? आणि मागचं लिहिलेलं किती गेलं तर चालेल? कापडाच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणेल, चार दिवस बंद राहिलं तरी गिऱ्हाईक दिवाळीला येतंच. आमच्या इथे दोन दिवस, फार ताणून तीन. त्यापुढे माणूसच राहत नाही. कोर्सला हे प्रश्न फळ्यावर लिहून दिले तेव्हा वर्गातले बाकीचे उतरवून घेत होते आणि मला आपल्या मागच्या अंगणातला धूर आठवत होता.

शुक्रवार आहे. मी आठवीत आहे. बडनेरा रोडच्या गल्लीतलं आपलं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खानावळ, मागे अंगण. ओट्याखाली दोन सिलिंडर आहेत, एक चालू आणि एक भरलेला, आणि तरी तू अंगणात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घालते आहेस. मी शाळेच्या पांढऱ्या शर्टावर तुझी जुनी साडी गुंडाळून फुंकणी धरली आहे आणि डोळे चोळतो आहे. पुढच्या खोलीत ताटावर बसलेला कॉलेजचा एक पोरगा ओरडतो, ‘‘मावशी, गॅसचे पैसे वाचवून राहिल्या काय? पोयीले धुराचा वास येऊन राहिला!’’ तू आतूनच म्हणतेस, ‘‘वास नाही तो, चव हाय. खाय मुकाट्यानं, नाही त उद्या पऱ्हाटीच्या जागी तुलेच घालीन चुलीत.’’ सगळे हसतात. मी हसत नाही. ‘‘काहून वं माय दर शुक्रवारी? सिलिंडर भरेल हाय ना?’’ तू फुंकणी माझ्या हातातून काढून घेतेस, जाळ नीट करून देतेस आणि परत माझ्याच हातात ठेवतेस. ‘‘भरेल हाय म्हणूनच. संपल्यावर शिकशील त इतके पोट्टे उपाशी बसतीन तुयं तोंड पायत. आता शिक. आता चुकलं तरी कोणाचं काही जात नाही.’’

मला तो तेव्हा धाक वाटला होता. एका शुक्रवारी गॅस नाही, एका शुक्रवारी मिक्सर नाही, एका शुक्रवारी पोळ्यावाल्या काकूला मुद्दाम सुट्टी. खरंच जेव्हा गॅसच्या गाड्यांचा संप झाला आणि गल्लीतल्या खानावळी बंद पडल्या, तेव्हा आपल्या दारात रांग लागली होती, आणि बडनेऱ्याहून येणारे रेल्वेतले काका तुला म्हणाले होते, ‘‘बाई, तुमी स्टेशनमास्तर व्हायले पायजे होत्या.’’ तू लाजलीस. तुला लाजताना मी तेवढंच पाहिलं.

आणि तो एक शुक्रवार. मी दहावीत. तू पाट ओढून दारात बसलीस, हात पदरात गुंडाळून घेतलेस. म्हणालीस, ‘‘आज मी नाही इथी. मी मेली समज. कर सैपाक.’’ मी हातातला डाव जमिनीवर आपटला. ‘‘असं नोको बोलू,’’ एवढंच मला म्हणता आलं आणि रडायलाच लागलो. तू हसलीस. ‘‘बरं बापा, नाही मरत,’’ म्हणत उठलीस, परात ओढलीस आणि कणीक मळायला घेतलीस. तो सराव आपण पुन्हा कधी घेतला नाही. तूही काढला नाहीस विषय.

पुढे दोन वर्षांनी, दुपारचे डबे गेल्यावर, भांडी घासता घासता तू कलंडलीस. डॉक्टर म्हणाले मेंदूतली शीर फुटली. तेरावं होताच चांदूर बाजारहून मावशी राहायला आली आणि आम्ही दोघांनी खानावळ उघडली. आमच्याजवळ सगळं होतं. दोन सिलिंडर, पऱ्हाट्यांचा भारा, खलबत्ता, वरवंटा, पोळ्यावाली काकूही. पण वांग्याच्या भाजीला तुझी चव येईना. पोरं काही बोलली नाहीत. एकाने तरी चेष्टा करायला हवी होती. सगळे खाली मान घालून जेवत होते आणि ‘‘छान झालं’’ म्हणत होते. आठवड्याभरात एकेक जण शेजारच्या खानावळीत जायला लागला, लपून, मागच्या गल्लीने. आम्ही बंद केली. तुझी भांडी विकली. चार कप्प्यांचा डबा तेवढा मी ठेवून घेतला.

त्याच डब्याच्या खालच्या कप्प्यात मी रोज संध्याकाळी सेंटरची हार्ड डिस्क घरी नेत असे. दिवसभरात जे काही कम्प्युटरमध्ये भरलं जाई, त्याची प्रत तिच्यात उतरवायची आणि ती माझ्या खोलीवर, म्हणजे दुसऱ्या छताखाली ठेवायची. सकाळी परत आणायची, उतरवायची, न्यायची. कम्प्युटर बंद पडला तर काय करायचं, याचा पहिला आराखडा मीच लिहिला होता आणि त्यावर सरांची सही होती. दोन्ही प्रती कामाच्या वेळेपलीकडे कधीही एका छताखाली राहू नयेत, असं मी त्यात लिहिलं होतं. आणखी एक लिहिलं होतं: महिन्यातून एका शुक्रवारी कम्प्युटर बंद ठेवून सगळं काम कागदावर करायचं. ते दोनदा झालं. आमच्या इथल्या मोठ्या सिस्टर, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्या पेशंटना सांगायच्या, ‘‘आज आमच्या कम्प्युटरवाल्याचा उपास हाय बरं, सगळ्याइनं कागद खायचा.’’ तिसऱ्या महिन्यात पेशंट वाढले, तिसरी पाळी सुरू झाली आणि सर म्हणाले, ‘‘अरे, चांगला चालू असताना बंद काहून करायचा? पाहू नंतर.’’ उत्तर तर माझ्याजवळ तुझ्याच शब्दांत होतं. पण सर शिकलेले, मोठे. मला ते तोंडातून काढता आलं नाही.

दसऱ्याला सकाळची एकच पाळी होती. ती आटोपल्यावर सगळी यंत्रं पुसली, प्रत्येकाला झेंडूचा हार घातला. ऑफिसच्या लहान खोलीत मोठा कम्प्युटर असतो, त्याच्यापुढे ताईंनी चौरंग मांडला. बी.पी.ची यंत्रं, वजनकाटा, इलेक्ट्रिशियनचा पान्हा, आमच्या ड्रायव्हरच्या गाडीची किल्ली, सगळं चौरंगावर आलं. मी डबा पिशवीत घालून निघायच्या बेतात होतो. ताई म्हणाल्या, ‘‘आणि ते तुयी डिस्क? तिनं काय पाप केलं? वर्षभर तुया मांगं मांगं फिरते बिचारी.’’ मी म्हटलं, ताई, ती इथे ठेवायची नाही, लिहिलेलं आहे तसं. ‘‘एक रात्र देवापुढं ठेवली त काय होते? पूजेतलं हालवत नसतात. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की नेजो.’’ सर हसले, ‘‘ठेव रे.’’

मी ठेवली. पण माय, मी केवळ त्यांच्या सांगण्यावरून ठेवली नाही. तू दसऱ्याला सिलिंडरलाही हार घालायचीस. विळीला, खलबत्त्याला, वरवंट्याला कुंकू लावून त्यांच्यापुढे साखर ठेवायचीस आणि मला सांगायचीस, जे आपल्याला खाऊ घालते त्याच्यासमोर वर्षातून एकदा तरी वाकायचं. मला वाटलं, या डिस्कने एकटीनेच काय म्हणून कोरडं राहावं? मीच डबा उघडून चौरंगावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. तुझी एक शिकवण पाळताना तुझीच दुसरी मोडली गेली, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या रात्री ऑफिसची खोली जळाली. कोणी म्हणालं समई, पण समई ताईंनी स्वतः शांत केली होती आणि मी ती पाहिली होती. कोणी म्हणालं इन्व्हर्टर. नक्की काय ते अजून कळलेलं नाही. चौकीदाराने धूर पाहिला, शेजारच्यांना उठवलं, म्हणून आग हॉलपर्यंत पोचली नाही. यंत्रं वाचली, भिंती काळ्या झाल्या. मी पोचलो तेव्हा कम्प्युटरचा गोळा झाला होता. डबा शाबूत होता, काळा. आतली डिस्क वितळलेली.

सकाळी पहिल्या पाळीचे लोक नेहमीसारखे आले, कारण त्यांना यावंच लागतं. आगीची बातमी कळूनही आले. इलेक्ट्रिशियनने दुपारपर्यंत हॉलची वीज सुरू केली आणि मग खरा प्रश्न समोर आला. कोणाचं किती वजन ठेवायचं, कोणाला कोणतं औषध किती, कुणालाच तोंडपाठ नव्हतं. कागदाच्या फायली आम्ही कम्प्युटरच्या भरवशावर केव्हाच बंद केल्या होत्या. सर एकेकाला तपासत होते. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज यायला लागले. ‘‘तुमचं चौपन्न होतं ना हो भाऊ? मांगच्या बुधवारी तुमी सांगून राहिले होते, अर्धा किलो वाढलं म्हणून.’’ पलीकडून तिसरा म्हणाला, ‘‘चौपन्न नाही, साडेत्रेपन्न. तुमी मोसंबी खाल्ली म्हणून ताई तुमाले बोलल्या, तवाच त मीबी ऐकलं.’’ आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास शेजारी शेजारी पडून राहणाऱ्या माणसांना एकमेकांचे आकडे माहीत होते. एकजण सांगायचा, शेजारचा दुजोरा द्यायचा, मी लिहून घ्यायचो, सर तपासून मान डोलवायचे. माझ्या आराखड्यात नव्हती ती प्रत तिथे बाकांवर बसलेली होती. मी लिहिता लिहिता दोनदा डोळे पुसले. ताई म्हणाल्या, ‘‘धूर हाय अजून,’’ आणि खिडकी उघडायला गेल्या.

फक्त बाळापूरकडच्या आजींचं कोणी सांगू शकेना. त्या तीन वर्षांपासून येत होत्या, एसटीने, एकट्या. मुलगा सुरतेला. त्यांच्या शेजारच्या खाटेवरचे गुरुजी भाद्रपदात वारले होते आणि ती खाट तेव्हापासून रिकामी होती. मी विचारलं, आजी, तुमचं वजन किती ठेवत होते? आजी म्हणाल्या, ‘‘मले काय मालूम बापा. ते गुरुजी ध्यानात ठेवत जाय माह्यं. आता तुह्या डब्ब्याले इचार.’’ सरांना आठवत होतं की दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी आजींचा आकडा बदलला होता, कमी केला होता. किती, ते आठवत नव्हतं. ताई त्या दिवशी रजेवर होत्या. तो आकडा मी त्यानंतर रोज संध्याकाळी सायकलला डबा अडकवून घरी नेला होता, आणि मला तो माहीत नव्हता.

सरांनी तपासून, बेताने, अंदाजाने पाणी काढलं. भोवळ येऊ नये म्हणून थोडं कमीच. आजी सुकत चालल्या होत्या. अंगातलं माणूस कमी होत होतं आणि त्याच्या जागी पाणी भरत होतं, म्हणून काट्यावर वजन तेवढंच दिसायचं. पुढच्या खेपेला त्या रिक्षातून उतरल्या त्याच धापा टाकत. अकोल्यात त्या दिवशी कुठे आयसीयूत खाट मिळेना. अमरावतीला सरांच्या मित्राच्या दवाखान्यात मिळाली. सुरतेहून मुलगा येईपर्यंत सोबत कोणी हवं, म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये मी बसलो.

आजी तिथे दोन दिवस होत्या. मुलगा पोचला त्या रात्री गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, हे असंही झालं असतं. सरांनी मला हे दोनदा सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी ‘हो’ म्हणतो. मला ते खरं आहे की नाही हे कळत नाही आणि आता कळायचा मार्गही नाही, कारण ज्या आकड्याशी ताडून पाहायचं तोच गेला.

चौदा दिवस उलटल्यावर मुलगा सेंटरला आला. माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. भांडायला आला असेल म्हणून आम्ही सगळे उभे राहिलो. तो भांडला नाही. म्हणाला, ‘‘बुढीचे काही रिपोर्ट, कागद असले त द्या. तीन वर्षं येत होती इथी. मी त एकदाच आलो सोबत. काहीतरी असंल ना तिचं तुमच्यापाशी?’’ मी त्याला बाहेर बाकावर घेऊन गेलो. काही नाही, असं सांगितलं. मग मला राहवलं नाही. मी सांगत गेलो, की त्या पिशवीत भाजलेल्या शेंगा आणायच्या आणि स्वतःला मनाई म्हणून ताईंना जबरदस्तीने खायला लावायच्या. की यंत्र वाजलं की त्याला ‘‘काहून बोंबलतं रे’’ म्हणून दटावायच्या. की गुरुजी टीव्हीवर बातम्या लावायचे आणि या मालिका लावायला भांडायच्या. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, ‘‘शेंगा? घरी त कधी खात नव्हती.’’ बराच वेळ बसला. जाताना माझा हात हातात धरून उभा राहिला आणि मग गेला.

आता मी नवा आराखडा लिहितो आहे. प्रत्येक पेशंटचा आकडा एका कार्डावर लिहून त्याच्याच हातात द्यायचा, आणि शेजारच्या खाटेवरच्यालाही सांगून ठेवायचा. खाट रिकामी झाली तर एकट्या पडलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्याच्या शेजारी हलवायचं. शुक्रवारचा सराव पुन्हा सुरू झाला आहे आणि आता त्यावर कोणी हसत नाही. खरं सांगायचं तर मला त्या हसण्याची आठवण येते. सर म्हणाले, मी आजारी पडलो किंवा सोडून गेलो तर काय, तेही लिही. तिथेच मघाशी पेन थांबलं. एखादं यंत्र बंद पडलं तर त्याचं काम दुसरं यंत्र करू शकतं. माणसाच्या जागी माणूस बसवला तर पोरं खाली मान घालून जेवतात आणि छान झालं म्हणतात, हे मी आराखड्यात कसं लिहू?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मला कळतं. आपल्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

एक गोष्ट मी आजींच्या मुलाला सांगितली नाही, सरांना नाही, ताईंनाही नाही. ॲम्ब्युलन्सने बडनेरा ओलांडलं तेव्हा आजींनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. मी परत लावायला गेलो तर माझा हात धरला आणि अडखळत विचारलं, ‘‘तुही माय... कुठी असते रे?’’ मी म्हटलं, ‘‘इथीच, अमरावतीले.’’ त्यांनी मान हलवली. ‘‘मंग मले पोचवलं... की जाय... भेटून ये तिले.’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ पुढचे दोन दिवस त्या मध्येच डोळे उघडायच्या आणि विचारायच्या, ‘‘जाऊन आला?’’ मी दर वेळी सांगितलं, ‘‘आलो. बरी हाये.’’ त्यांना खरं सांगायला मला पुष्कळ वेळ मिळाला होता. मला ते सांगायचंच नव्हतं.